मोरेकाकांचं मास्टर माप

मोरेकाका नवं घड्याळ आणल्यावर पहिले आठ दिवस ते हातात घालत नसत. जुन्या घड्याळाशेजारी ठेवून दोन्हींकडे आळीपाळीने बघायचे. दूधवाल्याचं माप असो की आमच्या बेलवलीच्या सोसायटीतल्या टाकीची पातळी, त्यांचा कशावरच भरवसा नव्हता. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं ते माल तपासायच्या कामावर होते. तिथे रोज सकाळी मोजायचं साधनच आधी एका पक्क्या मापाच्या तुकड्यावर लावून बघत. त्या तुकड्याला ते ‘मास्टर’ म्हणायचे. “आधी माप तपासायचं, मग माल,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचा वैताग यायचा.

काकू गेल्या आणि वर्षभरात एकुलती एक मुलगी सुजाता लग्न होऊन मलेशियाला गेली. आमच्या भागात तेव्हा इंटरनेटची वायर आली नव्हती. माझ्याकडे मोबाइलच्या सिमवर चालणारं डेटा कार्ड होतं, तेही रडतखडत चालायचं. दर रविवारी विहारातून परत येताना काका माझ्याकडे यायचे आणि मी कॉम्प्युटरवरून सुजाताला नुसत्या आवाजाचा कॉल लावून द्यायचो.

एका रविवारी बोलणं संपल्यावर ते म्हणाले, “शिरीष, पोरगी खोटं बोलते माझ्याशी.”

“काय बोलता काका!”

“बरी आहेस का विचारलं, तर हो म्हणायला एवढा वेळ? खरं बोलायला टाइम लागत नाही.”

मला हसूच आलं. मी समजावलं, आवाज टॉवरवरून फिरून येतो, उशीर नेटचा आहे. दूधवाल्याकडे बघायचे तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे तू पण तिला सामील?”

आता मात्र मी चिडलो. दूरच्या एका मशीनला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायची सोय कॉम्प्युटरमध्ये असते, ती लावून दाखवली. कधी दोन सेकंद, तर कधी चार. “बघा, तिकडे माणूस तरी आहे का? तरीही उशीर!”

“उशीर चालेल रे. पण दर वेळी वेगळा? हलत्या मापाने काय मोजणार? आधी ते सरळ कर.”

दोन रविवार त्यात गेले. कपाटामागे दडलेलं डेटा कार्ड मी लांब वायर लावून खिडकीच्या ग्रिलला नाडीने बांधलं. काकांनी घरून स्टीलची मोठी चाळण आणून त्याच्यामागे टेकवली. सिग्नलची एक दांडी वाढली, पण आकडा हलतच होता. शेवटी सापडलं की नेट लागताक्षणी अँटिव्हायरस गुपचूप स्वतःचं काहीबाही उतरवून घेत बसायचा. ते बंद केलं आणि आकडा दोन सेकंदांवर येऊन थांबला.

“आता माप बरोबर,” काका म्हणाले. मी कॉल लावला. पलीकडे जावई नेहमी सुजाताच्या शेजारीच बसलेले असायचे. त्या दिवशीही त्यांचं खाकरणं ऐकू आलं.

“जयभीम बाळा. तुझं नाव सांग बघू.”

काकांचं बोट टेबलावर वाजलं. एक, दोन. “काय हो पप्पा! सुजाता.”

“भाजी काय केलीस?”

एक, दोन. “वांगी.”

“तुला तिथे कुणी त्रास देतं का?”

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. “नाही पप्पा.”

मी घाईघाईने नेटचा आकडा तपासला. दोनच होता. इतके दिवस मी या माणसाला हसत होतो, याची मला लाज वाटली.

काकांचा चेहरा जराही बदलला नाही. “बाळा, माझी तब्येत बरी नाही. डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलवून घ्या. जावयांनाही ऐकू आलं ना?” त्यांची तब्येत ठणठणीत होती. खरं बोलायला वेळ लागत नाही म्हणणाऱ्या या माणसाने हे खोटं क्षणभरही न थांबता सांगितलं.

पंधरा दिवसांनी सुजाता आली. तिच्या मनगटावर भाजल्याचे डाग होते. ती परत गेली नाही. पुढे केव्हातरी काकांनी तिला बोटाने मोजल्याची गोष्ट सांगितली, तेव्हा ती आधी हसली आणि मग खूप रडली.

काही वर्षांनी काका खरोखरच आजारी पडले. शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात गेलो, तेव्हा ती उशाशी बसली होती.

तिने विचारलं, “पप्पा, माझं नाव काय?”

“सुजाता,” ते लगेच म्हणाले.

“खूप दुखतंय का?”

काका तिच्याकडे बघत राहिले. पलंगाच्या कडेवर सुजाताचं बोट हलत होतं. एक, दोन, तीन, चार, पाच.

“नाही गं बाळा.”