पिठावर न उमटलेली मोना

सकाळी एका शेगडीवर चहा, दुसरीवर वरण, आणि आमचे मास्तर मोजे शोधत घरभर. शाळेची वेळ झाली की एक मोजा सापडतो आणि दुसरा हरवतो, हे आमच्याकडे रोजचंच. तेवढ्यात दारावर थाप पडली.

उघडलं तर केशरबाई. मी चमकलेच. केशरबाई दार वाजवत नाहीत. त्या फाटकापासूनच हाक देत येतात, "मास्तरीणबाई, झोपल्याच का जी अजून?" मग पदरातल्या वालाच्या शेंगा माझ्या ओट्यावर ओततात आणि चहात साखर कमी पडली म्हणून मलाच बोलून जातात.

आसगावात धानाच्या रोवणीला बायका जमवायच्या असल्या की आजही लोक त्यांच्याच दारात जातात. चिखलात वाकून त्यांच्याइतकं झपाझप रोप लावणारं कोणी नाही, आणि मागे पडलेलीला त्यांच्याइतकं टोचणारंही कोणी नाही. "अवो बाई, रोप लावून राहिली का मेंदी काढून राहिली?" नवरा वासुदेवराव पोर लहान असतानाच गेले. त्यानंतर केशरबाईंना दोनच गोष्टी उरल्या. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मोना.

मोना हुशार निघाली. मी बी.एस्सी. म्हणून दहावीला माझ्याकडे गणित-विज्ञान विचारायला यायची. पुढे नागपूर, मग बंगळूर. तिथल्या प्रयोगशाळेत मज्जापेशींवर काम करायची. सुट्टीत आली की माझ्या ओट्यावर पाय हलवत सांगायची, "काकू, पेशीच्या अंगावर प्रथिनं फिरत राहतात. कुठं जातात, कुठं थांबतात, त्यावर आपलं शिकणं, आपली आठवण. पण दिसत तर नाहीत. मग एकेकाला चमकणारा कण चिकटवायचा. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. आणि त्याच्या उजेडामागं जायचं. माय नाही का पाटाच्या पाण्यात झेंडूचं फूल सोडत, पाणी कोणाच्या बांधीत जाऊन राहिलं ते पाहाले? तसंच."

"एवढं शिकून फुलामांगंच धावतेस ना पोरी!" केशरबाई म्हणायच्या. पण रोवणीच्या बायकांना मात्र हेच मोठ्या तोऱ्यात सांगायच्या.

या पावसाळ्यात मोना तिकडेच तापानं गेली. घरी आली ती बंद पेटीतून.

आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्याच्या रात्री दिवा लावतात, शेजारी तांदळाचं पीठ चाळून पसरतात आणि टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलायचं. पिठावर पाखराचं पाऊल, कशाची तरी रेघ, काहीतरी उमटलेलं असतं. गेलेलं माणूस येऊन गेल्याची ती खूण. मोनाचं पीठ मात्र चाळलं तसंच राहिलं. साधा ओरखडा नाही. केशरबाईंचे दीर पुंडलिकराव वाकून वाकून पाहत राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी घरी आलीच नाही, वहिनी. तिकडंच राहिली."

त्या दिवसापासून केशरबाईंनी कोणाला टोचून बोलणं सोडलं होतं.

आणि आता त्या माझ्या दारात उभ्या होत्या, फोन दोन्ही हातांत धरून, प्रसाद धरावा तसा.

"जरा पाहून द्या ना जी. मोनासंगं काम करे ते पोरगी, तिनं धाडलं. आठ दिवस झाले. मी पाहूनच राहिलो."

काळोख्या पडद्यावर एक हिरवा ठिपका होता. थरथरत सरकायचा, थांबायचा, मध्येच विझायचा. थोड्या वेळानं तिथंच पुन्हा उजळायचा. संगणकाच्या पडद्यावरून कोणीतरी फोननं टिपलेलं दिसत होतं.

"हे मोनाच आहे न?" केशरबाईंनी आवाज अगदी खाली आणला. "पिठावर नाही उमटली, इथं उमटली. पाहा, विझते, मंग येते. तुमी हो म्हना, म्हंजे पुंडलिकरावले दाखवतो."

'हो' माझ्या ओठांवर आलं होतं. आत वरण करपल्याचा वास सुटला. मास्तरांनी जाऊन गॅस बंद केला आणि ते तिथंच उभे राहिले.

मी केशरबाईंना खुर्चीवर बसवलं. "मावशी, ही मोना नाही. मोना सांगायची ना, झेंडूच्या फुलाचं? तो हा कण. पेशी उंदराची आहे."

"उंदराची?"

"हो."

केशरबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "मंग विझते काहून?"

हेही मला मोनानंच सांगितलेलं. "असे कण आपोआप विझतात, पेटतात. पुष्कळ एकत्र असले तर कोणी ना कोणी जळतंच असतं, पूर्ण अंधार होत नाही. पार विझून परत आला, म्हणजे तिथं एकच आहे असं समजायचं."

बोलले आणि जीभ चावली.

"एकटीच," केशरबाई म्हणाल्या. "घरी बी एकटीच होती."

त्यांनी पदरानं फोनची काच पुसली आणि उठायला लागल्या. काच पुसताना कोपऱ्यातली आवाजाची खूण मला दिसली. त्यावर आडवी रेघ.

"मावशी, याचा आवाज बंद आहे."

"दहाव्याले पुंडलिकरावनं बंद करून देला. मंग चालू कायले करू? मले फोन करनारी तेच होती."

मी फोन घेतला, बाजूचं आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं आणि चित्रण पुन्हा सुरू केलं. आधी पंख्याची घरघर. मग अगदी जवळून, पडद्यावरच्या ठिपक्याला दटावणारा मोनाचा आवाज.

"काहून थांबली वो बाई? मेंदी काढून राहिली का? चाल न… गेली. गेली वाटते…" ठिपका विझला होता. पंखा तेवढा ऐकू येत होता. "आली! आली पाहा!" आणि ती हसली.

इतकंच होतं. पडदा काळा झाला.

मास्तर एका पायात मोजा घालून दारात उभे होते. केशरबाई रडल्या नाहीत. त्यांनी फोन माझ्या हातून घेतला, उलटा केला, सुलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला.

"मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या, "त्या उजेडाचं राहू द्या. आवाजाचं बटन कोनतं, तेवढं मले दाखवून द्या."