सायमनचे अध्यक्ष हरले तेव्हा

सायमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतमधल्या अल मवालेहच्या भाजीबाजारात कोथिंबीर निवडत होतो. त्याची मुलगी रिया "अंकल, डॅडी गेले," एवढंच म्हणाली... महिना होत आला. रडून झालंय, आता मला माझ्या मित्राची बढाई मारायची आहे.

वसईचा हा माणूस मस्कतच्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळायचा आणि उरल्या वेळात आमच्या मराठी मंडळाची नाटकं लिहायचा. एका वर्षी त्याने थेट यादवी युद्धातला राष्ट्राध्यक्षच रंगमंचावर आणला. देश दुभंगलेला, अध्यक्षांनी विरोधकांना खटल्याविना तुरुंगात टाकलेलं, आणि न्यायालय विचारतंय, हा अधिकार घटनेने तुम्हाला दिला कुठे? शुक्रवारी सुट्टी, चर्चमधली मिस्सा आटोपली की तालीम. कुणाची ड्युटी लागली की सेनापती बदलायचा. असे किती सेनापती आम्ही खर्ची घातले देव जाणे. अध्यक्ष अर्थात सायमन. "देशच उरला नाही तर घटना कुणासाठी?" असं दणदणीत भाषण त्याने शेवटी स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं. न्यायाधीश रिया. शाळेत इंग्रजी, घरीही इंग्रजी. मराठी बोलली की पोरं हसायची, म्हणून तिने तोंडच मिटून घेतलेलं. तिने चारचौघांत मराठीत उभं राहावं, यासाठीच सायमनचा सगळा खटाटोप होता.

प्रयोगात नेमकी ती वाक्य विसरली. मी प्रॉम्प्टर, विंगेतून नुसतं ओरडायचं बाकी ठेवलं. प्रेक्षकांत खसखस पिकली. मग ती आपल्याच शब्दांत बोलू लागली. "आज तुम्ही चांगले आहात, ओके. पण उद्या तुमच्या चेअरवर दुसरा कोणी बसला, वाईट माणूस, तर? त्याला पण हीच पॉवर देणार?"

आता सायमनचं भाषण. मी पहिलं वाक्य पुरवलं, पुन्हा पुरवलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीकडे बघत राहिला... आणि म्हणाला, "नाही देणार. सोडा सगळ्यांना."

नाटक तिथेच खलास. टाळ्या काही थांबेनात. पडदा पडल्यावर मी त्याला झापलं, तर हा रडतही होता आणि हसतही होता. इतका जिंकलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आता मंडळ तेच नाटक पुन्हा करतंय. अध्यक्षांचं काम रिया करणार आहे. ती आता नोकरीला लागली आहे. पहिल्या तालमीला मी तिला म्हटलं, या वेळी ते भाषण होऊ दे, बापाने जीव ओतून लिहिलंय. तिने ते पान दुमडून ठेवलं आणि न्यायाधीश झालेल्या बुजऱ्या मुलीकडे वळून म्हणाली, "वाक्य विसरलीस तरी बोल. मी हरणार आहे."