दाद मागायची कुणाकडं

गणपतराव पाटबंधारे खात्यात शिपाई होते आणि अर्ज लिहावा तर त्यांनीच. गल्लीत नळ आला तो त्यांच्या अर्जामुळं. त्यांच्या पोराची, धम्मपालची, अडकलेली स्कॉलरशिप सुटली तीही अर्जामुळं. "साहेब कितीबी मोठा असू दे, त्येला टेबल असतंय. ते टेबल गाठायचं," असं ते पोराला सांगत. पोरगाही तेच ऐकत मोठा झाला.

नव्वदच्या दशकात धम्मपालनं टायपिंग केलं, मग कॉम्प्युटरचा डिप्लोमा. २००१ साली कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एक खोली भाड्यानं घेऊन त्यानं बौद्ध वधू-वरांची वेबसाईट काढली. फोनवर त्याची बायको ललिता बसायची. पत्रिका मागायची नाही आणि हुंड्याचा विषय काढायचा नाही, एवढं पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं. सर्च इंजिनात कुणी 'बुद्धिस्ट मॅरेज' टाईप केलं की पहिलं नाव त्याचंच येई. नागपूरहून फोन यायचे, दुबईहून यायचे. समोरची बाई लेकीच्या काळजीनं रडायला लागली, तर ललिता चहा गार होईस्तोवर तिचं ऐकून घ्यायची.

पहिला नंबर काही आपोआप आलेला नव्हता. धम्मपाल दिवसभर अनोळखी साईटवाल्यांना इंग्रजीत मेल करायचा: तुम्ही आमचा पत्ता तुमच्या पानावर टाका, आम्ही तुमचा टाकतो. असे पत्ते जितके जास्त, तितकी साईट वर. पुण्याच्या एकानं चॅटवर आणखी एक युक्ती शिकवली. पानाच्या तळाशी वधू-वर, वधू-वर असं इंग्रजीत पुन्हा पुन्हा लिहायचं, पण पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात. माणसाला दिसत नाही, मशीन मात्र वाचतं. "सगळेच करतात," तो म्हणाला. धम्मपालनंही केलं.

२००३च्या नोव्हेंबरात फोन अचानक थंडावला. ललितानं रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"लाईन तर चालू हाय की ओ."

धम्मपालनं आपली साईट शोधली. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. पानामागून पान काढत राहिला आणि शेवटी हात टेकले. इंटरनेटवर चर्चा वाचल्या तेव्हा उलगडा झाला. सर्च इंजिननं आपले नियम बदलले होते आणि जगभरचे साईटवाले त्याच्यासारखेच कपाळाला हात लावून बसले होते. वादळाला द्यावं तसं त्या बदलाला लोकांनी नावही दिलं होतं, फ्लोरिडा. नेमकं काय बदललं हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

पांढरी अक्षरं त्यानं त्याच दिवशी पुसली. मग वाट बघितली. उन्हाळ्यापर्यंत साईट कशीबशी तिसऱ्या पानावर आली. तिसऱ्या पानावर कोण जातंय?

"अर्ज कर," गणपतराव म्हणाले.

"कुणाकडं, आबा? तिथं माणूस न्हाय. मशीन ठरवतंय सगळं."

"मशीनवर कोण तरी साहेब असंलच की!"

आबांनी मजकूर सांगितला, धम्मपालनं तो इंग्रजीत घातला. पाठवल्या पाठवल्या उत्तर आलं, की आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. आबांनी त्याची प्रिंट मागून घेतली. चष्मा लावून कागद उलटासुलटा करत ते खाली सही शोधत राहिले.

दोन वर्षांनी नियम पुन्हा बदलले. आता एकमेकांचे पत्ते टाकणं हाच गुन्हा ठरला. चार वर्षं मेल करून जोडलेली ती सगळी माणसं त्याला एका दुपारी काढून टाकावी लागली. तरी साईट वर आली नाही. पहिली पानं मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांनी भरून गेली होती.

मलकापूरच्या चिमणाबाई तेवढ्या एसटीनं येत राहिल्या. त्यांची लेक अक्षता कोल्हापुरातच नर्स होती, तिशी उलटलेली.

"आलं का दादा एखांदं स्थळ?"

"न्हाय, मावशी."

"तुमचा आता चालत न्हाय म्हंत्यात कॉम्प्युटर. व्हय?"

धम्मपालनं एका मोठ्या कंपनीची साईट उघडली आणि अक्षताचं नाव तिथं भरायला घेतलं. शिक्षण झालं, उंची झाली. मग रास आली. ती जागा त्यानं मोकळी सोडली. लाल अक्षरं उमटली: हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पुन्हा सोडली, पुन्हा लाल.

"रास विचारत्यात, मावशी."

"आमच्यात कुठली आलीया रास? लिवा कायबी." चिमणाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "पोरीचं वय चाललंय, दादा. आता कशाला धरून बसायचं?"

त्यानं यादीतली पहिली, मेष निवडली. ललिता उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

दोन स्थळं आली. दोघांनीही पत्रिका मागितली. त्यानंतर चिमणाबाई यायच्या थांबल्या.

२००७ साली धम्मपालनं खोली सोडली. कोर्टाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात तो प्रतिज्ञापत्रं टाईप करायला लागला आणि ललिता कळंब्याच्या बालवाडीत जाऊ लागली. आबा त्याच पावसाळ्यात गेले. साईटचं नाव पुढं चालू ठेवायला पैसे भरायचे होते, ते त्यानं भरले नाहीत. असं सुटलेलं नाव मग कुणीही विकत घेऊ शकत होतं.

वर्षभरानं एक ओळखीचा गृहस्थ दुकानात आला. "धम्मपाल, तुझ्या साईटवर आता कर्ज देत्यात व्हय रं? पोरानं उघडली तर सगळ्या कर्जाच्याच जाहिराती."

"ती आता माझी न्हाय."

"मग कुणाची?"

"म्हाईत न्हाय," धम्मपाल म्हणाला. समोर एक बाई रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला केव्हाची उभी होती. त्यानं तिचे कागद हातात घेतले आणि वडिलांचं नाव काय लिहायचं ते विचारलं.