तिसऱ्या खाचराचा पाऊस

आमच्या घरी हवामानाचा अंदाज सकाळी सहाला वाचला जातो. वाचणारे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. फौजेतून सुभेदार होऊन परतले त्याला बरीच वर्षं झाली, पण मोबाईल हातभर लांब धरून अंगणात उभे राहिले की समोर पलटण असल्यासारखं वाचतात. समोर असतो आम्ही तिघी: सासूबाई, म्हैस आणि चहा गाळणारी मी. आमचं गाव मेढ्याच्या वर, डोंगराला लागून. त्यामुळे अंदाजात ‘घाटमाथा’ आला की मामांचा आवाज आपोआप चढतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आबा, म्हणजे माझे वडील, मला माहेरी न्यायला आले. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली होती. माहेर कवठे महांकाळकडचं. घरात आधीपासून मेंढरं, आता थोडी शेतीही. मिरज, कराड, सातारा अशा गाड्या बदलत आबा संध्याकाळी पोचले, खांद्यावर व्याह्यांसाठी नवंकोरं घोंगडं घेऊन. लेकीच्या घरी एकच मुक्काम करायचा आणि सकाळी मला घेऊन निघायचं, असा त्यांचा बेत होता.

सकाळी सहाला मामांनी वाचलं, “अरबी समुद्रात चक्रीवादळ. उद्यापास्नं घाटमाथ्यावर जोरदार ते अति जोरदार. ऑरेंज अलर्ट.” मग मोबाईल खिशात घालून म्हणाले, “पावणं, तीन खाचरं भात उभं हाय. आज काढायचं म्हंजे काढायचं.”

आबांनी मान वर करून पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं.

“ह्या आभाळात पाऊस? आवं पावणं, आमच्याकडं पाऊस मोबाईलात पडतो, रानात न्हाई.”

“ते तुमच्याकडं. हितं पडतो.”

माझा नवरा पुण्याला नोकरीला, त्याला सुट्टी ऐन दिवाळीत. मजूर मिळेना, कारण अंदाज सगळ्या गावानं ऐकला होता आणि जो तो आपल्याच खाचरात उतरला होता. भात उभं टाकून सून माहेरी निघाली, हे मलाही बरं दिसेना. शेवटी आबाच म्हणाले, “एक दिस जास्ती. चौघं मिळून काढू, उद्या निघू.”

आबांनी तोवर भात फक्त ताटात पाहिला होता. खाचरात पाय टाकला तो घोट्यापर्यंत आत गेला, आणि ते बराच वेळ त्या पायाकडे बघत उभे राहिले. शेजारी सासूबाई बोलता बोलता पेंढ्या मागे टाकत होत्या.

“पावणं, विळा वढायचा. मेंढरं कातरल्यागत कचकच करायचं न्हाई.”

“मेंढराफुडं बसून तरी कातरता येतंय,” आबा म्हणाले. “हितं दिसभर वाकायचं.”

दुपारी ऊन असं तापलं की आबांना चेव आला. बांधावर भाकरी खाताना त्यांनी विचारलं, “सुभेदार, तुमचा ऑरेंज कराडलाच उतरला का काय?”

“ऑर्डर उद्याची आसती,” मामा शांतपणे म्हणाले, “तयारी आजची.”

संध्याकाळपर्यंत दोन खाचरं काढून झाली, भारे वाहून पडवीत रचून झाले. तिसरं राहिलं. तासभर उजेड होता. मामांनी टॉवेल पुन्हा डोक्याला बांधला. “चला, बारकंच हाय.”

आबांनी कमरेवर हात ठेवला. ते मी पाहिलं. शिवाय माझी बॅग अजून भरायची होती. मी मोबाईल काढला आणि शाळेत बोलते त्या आवाजात म्हणाले, “मामा, ह्यात उद्या कडक ऊन दाखवतंय. परवाही. उद्या सकाळी लवकर उठून काढू, मग आम्ही जातो.”

“त्ये सरकारी न्हाई.”

“पण रोज बरोबर येतं,” मी म्हणाले. हे अगदी खरं होतं.

मामा अडाण्यांशी भांडतात, मास्तरीणबाईंशी नाही. त्यांनी टॉवेल सोडला.

पहाटे पत्र्यावर मूठभर खडे फेकल्यासारखा आवाज झाला, मग पाटीभर, आणि मग वेगळा आवाज असा उरलाच नाही. उजाडलं तेव्हा समोरचा डोंगर दिसत नव्हता. नऊपर्यंत ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली गेला आणि एसटी बंद झाली. मामा पडवीच्या टोकाला जाऊन तिसऱ्या खाचराच्या दिशेनं बघून आले. मग सगळे विळे पुसून खुंटीला लावले. हे फार वाईट होतं.

आबा पडवीत भाताच्या भाऱ्यांना टेकून बसले. त्यांनी भेट दिलेलं घोंगडं मामांनी त्यांच्याच अंगावर टाकलं होतं. पावसासाठी आयुष्यभर मेंढरांमागं गावं तुडवलेला माणूस, पण एवढा पाऊस एका जागी त्यांनी पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी ते नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी भांडायला लागले.

“सगळा हितंच सांडून घेताय, पावणं. फुडं आमच्याकडं काय पाठवणार?”

“पाठवतो की. ह्योच पाऊस कृष्णेतनं खाली जातोय, आन् तुमी पंपानं उचलताय.”

“मंजे उष्टा.”

“गाळून घ्या.”

त्याच दिवशी चहाच्या वेळी मामांनी सहज विचारलं, “मास्तरीणबाई, तुमचं काय म्हणतंय आज?”

मी मोबाईल उघडला. कडक ऊन. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मामांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा शोधला आणि सवयीप्रमाणे वरपासून वाचायला लागले. पहिल्याच ओळीवर थांबले.

“कवठे महांकाळ,” ते म्हणाले.

लग्न होऊन आले त्या वर्षी मीच ते गाव लावलं होतं. आज घरी पाऊस आला का, एवढंच मला सकाळी उठून बघायचं असायचं. तिकडे बहुतेक दिवस ऊनच, म्हणून अंदाजही रोज बरोबर. पुढे वरचं नाव वाचायचं मी सोडून दिलं होतं. त्या संध्याकाळी खाचरात मला ते आठवलं होतं का? कंबर धरलेले आबा समोर होते आणि रिकामी बॅग डोक्यात होती. काही आठवू नये याची मीच काळजी घेतली असावी.

“नांदायला हितं, आन् ऊन तिकडचं,” सासूबाई म्हणाल्या.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. आबांनी पावसाकडे तोंड फिरवलं आणि घोंगड्याच्या टोकानं उगाच नाक पुसलं. मामांनी मोबाईल परत दिला.

“गाव बदलू नगा,” ते म्हणाले. “फकस्त आमच्या भाताचं त्याला इचारू नगा.”

चौथ्या दिवशी उघडलं. तिसरं खाचर सपाट झोपलं होतं. लोंब्या पाण्यात, काहींना पांढरे कोंबही फुटलेले. एसटी सुरू झाल्याचा निरोप आला, तेव्हा आबा धोतर वर खोचून आधीच खाचरात उतरले होते.

“पावणं, ऱ्हाऊ द्या,” मामा बांधावरून म्हणाले. “गाडी जाईल.”

“चिखलात रुतलेलं मेंढरू आमी सोडून जात न्हाई.”

मग मामाही उतरले. दोन दिवस आम्ही चौघांनी ते भात मूठ मूठ उचललं, ओढ्यात चिखल धुतला आणि गोठ्याच्या कुंपणावर पेंढ्या उलट्या टांगल्या. निम्मं अर्धं हाताला लागलं. आबांना आता विळा ओढायला जमायला लागलं होतं. सासूबाईंनी तसं सांगितलं नाही, पण त्यांनी टोकणं थांबवलं.

माहेरी पोचलो तेव्हा आईचा फराळ निम्मा करून झाला होता. इतके दिवस कुठं होता, म्हणून शेजारपाजारचे आले, आणि आबांनी ओट्यावर बसून पाऊस सांगायला घेतला. समोरचा डोंगर चार दिवस गायब झाला म्हणाले. लोक एकमेकांकडे बघून हसत होते.

“मग पावण्यांच्या भाताचं काय झालं?” कुणीतरी विचारलं.

“दोन खाचरं घावली. तिसरं माज्यामुळं गेलं,” आबा म्हणाले. “मीच म्हनलो, आभाळ निळं हाय, उद्या काढू.”

मी अंगणातल्या चुलीवरच्या कढईपाशी चकल्या तळत होते. झारा ठेवून उठले, बोलायला तोंड उघडलं.

“चकली करपंल,” आबा माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी खाली बसले आणि चकली उलटली.