शेवटची पानं

कन्नडहून शहरात येणाऱ्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. साठीचे शेतकरी, मांडीवर जुनी जाड कादंबरी. शेवटची थोडी पानं उरली होती, पण ते पान उलटत नव्हते. सारखी टोपी काढून घाम पुसत होते. त्यांचं नाव मी विचारलं नाही.

"तुम्ही वाचलीय व्हय ही?" त्यांनीच विचारलं. "लेकीची हाय. तिनं आपल्या मनानं लगीन केलं, तवापासून मी तिचं तोंड पाह्यलं नाय. आज तिच्याकडंच चाललोय. ह्यातला बापबी तसाच हाय. शेवटाला लेक त्याला घरात घेती का?"

मला खोटं बोलवेना. "बाप बदलतो," मी म्हणालो, "पण तो पोचतो तेव्हा लेक जिवंत राहिलेली नसते."

त्यांनी कादंबरी मिटून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "माझी हाय अजून."

क्रांती चौकात आम्ही दोघंही उतरलो. "दारापर्यंत चला जरा," म्हणाले. मी गेलो.

दार लेकीनंच उघडलं. तिनं बापाकडं पाहिलं, त्यांच्या पायांतल्या चपलांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आप्पा, चपला आत काढा. इथं कुत्री नेतात."