चावडीखालची मेंबर

बोरीला जायचं असेल तर आज परभणीहून जिंतूरची गाडी धरा, डुलकी लागेपर्यंत पोचाल. मी गेले तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात होता, रस्ता खडीचा होता आणि उतरताना माझ्या वेणीचा रंग धुळीचा झाला होता. माझी मावसबहीण गंगू पंचायतीची मेंबर झाली होती! आमच्या घरात बाईला भाजी कोणती करू एवढंही कुणी विचारत नसे. औरंगाबादच्या होस्टेलात पेढे वाटून मी निघाले. परभणी स्टेशनाबाहेर दोन आण्यांत गरम भजी मिळत. पाणी मात्र घरचंच बरं.

गंगूने भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मेंबर होऊन काय करणार, विचारलं तर एकच उत्तर. मागच्या उन्हाळ्यात तिची पुतणी पाणी शेंदताना आडात पडून गेली होती. आडाला कठडाच नव्हता.

"कठडा करून घेतेच बग. मंग मेंबरकी गेली तरी चालंल."

सकाळी बैठक. चावडी दिसताच गंगूने चपला काढून हातात घेतल्या. तिथून जाताना सगळ्याच बाया घेत. मी तरातरा पायऱ्या चढले. ती खाली लिंबाशी थांबली.

"अगं, वर ये ना!"

"सून चावडी चढत न्हाई माय. सासरे हायेत वर."

सासऱ्यांशी थेट बोलायचंही नसे. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि चावडीच्या खांबाकडे तोंड केलं. "खांबाला सांगायलेय, आडाला कठडा पायजे. उन्हाळ्याच्या आत."

"खांबानं ऐकलं!" वरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

माझं डोकंच फिरलं. "ती मेंबर आहे. तिला वर बसवा."

तिचे सासरे रागावले नाहीत. मायेनेच म्हणाले, "पोरी, तू पाव्हणी. जेवून जा."

थोड्या वेळाने कोतवाल शाई घेऊन खाली आला. "चावडीला फरशी बसवायचं मंजूर झालं. आंगठा करा."

"आन् कठडा?"

"पुढल्या खेपेला म्हनले."

गंगूने वर पाहिलं, मग अंगठा पुढे केला. त्या हसण्यापेक्षा मला त्या अंगठ्याचा जास्त संताप आला, पण तिला त्याच घरात नांदायचं होतं. गाडीत बसवताना तिने भाकरीचं गाठोडं दिलं. "पुढल्या खेपेला सोडत न्हाई बग," म्हणाली.

उन्हाळा सरता सरता मावशी औरंगाबादला आली ती रडतच. पाणी शेंदताना गंगूचा पाय घसरला होता. त्याच आडात.

बऱ्याच वेळाने मी कठड्याचं विचारलं.

"कुठला कठडा! फरशी मातर बसली चावडीला." मावशीने डोळे पुसले. "गंगूच्या जागी तिच्या धाकट्या जावेला घेतलंय. लय गुणाची हाय म्हनत्यात. खांबालाबी बोलत न्हाई."