तिसऱ्या मजल्यावरचा ओटा

दिवेलागणीला फोन वाजला तो जळगावहून, विमलकाकूंचा. माझी नणंद शैलाअक्का ज्या इमारतीत राहायच्या, तिथे विमलकाकू नेमक्या त्यांच्या घराच्या वर, चौथ्या मजल्यावर राहतात. मूळच्या चोपड्याकडच्या, ऐंशीच्या घरातल्या. एरवी इतक्या मोठ्याने बोलतात की फोन नसता तरी धुळ्यापर्यंत ऐकू आलं असतं. त्या दिवशी मात्र आवाज पार खाली गेलेला. “वहिनी, अक्का धुयाले येल शेतस का?” मी म्हटलं, नाही हो, धुळ्याला कुठे आल्यात, का बरं? तर म्हणाल्या, “मी भरीत देवाले ऊनू व्हतू. दार बंद शे. सकायनी दूधनी पिशवी अजून कडीलेच टांगेल शे...”

आम्ही दोघं तशीच गाडी काढून निघालो. पारोळ्याच्या अलीकडे दुसरा फोन आला. खालच्या मेडिकलवाल्याने आणि दोघा-तिघांनी मिळून दार तोडलं होतं. अक्का न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेल्या होत्या. माझे यजमान, म्हणजे अक्कांचे धाकटे भाऊ, गाडी बाजूला घेऊन नुसते बसून राहिले. नंतर डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की पडल्या असाव्यात सकाळी, आणि गेल्या त्या बऱ्याच वेळाने. आता इतके आठवडे झाले, दिवसकार्य आटोपलं, भेटायला येणारे येऊन गेले. पण ते ‘बऱ्याच वेळाने’ काही मनातून जात नाही. कारण इमारतीत राहणाऱ्या माणसावर अशी वेळ येऊ नये, याच एका गोष्टीसाठी ही बाई आयुष्यभर बिल्डरांशी भांडली होती.

अक्का आर्किटेक्ट होत्या. जळगावात तेव्हा हा शब्द फारसा चालत नसे, आणि बाईमाणसाच्या नावामागे तर नाहीच. लोक त्यांना ‘नकाशावाल्या अक्का’ म्हणत आणि त्यांनाही ते आवडत असे. वाढल्या त्या धुळ्यात, नंबरांच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत. दोन खोल्यांचं घर, भिंतीला भिंत लागलेली, आणि प्रत्येक दारापुढे ओटा. घरात जागा नव्हती म्हणून सगळं ओट्यावर. गहू निवडणं तिथे, अभ्यास तिथे, मुलगी बघायला येणाऱ्यांची टेहळणी तिथे. अक्का सांगायच्या, त्यांच्या आजोबांना एकदा पहाटे चक्कर आली, तर घरच्यांच्या आधी गल्लीला कळलं. “आबा रोज ओटा झाडायचे. त्या दिवशी झाडला नव्हता. एवढ्यावरून समोरची बाई धावत आली,” असं म्हणून त्या थांबत, आणि मग आपल्याला काहीतरी फार मोठं सापडल्यासारखं बघत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात ऐकली. पुढे ती इतक्या वेळा ऐकली की शेवटचं वाक्य मीच म्हणायचे.

त्यांची काम करायची पद्धत म्हणजे एक नमुनाच होता. बिल्डर प्लॉटचे कागद घेऊन आला की या आधी त्याच्या घरी जाऊन बसणार, तेही दिवाणखान्यात नाही, स्वयंपाकघरात. तिथल्या बायकांना विचारणार, पापड कुठे वाळवता? पाहुणे वाढले की कोण कुठे झोपतं? भांडण झालं की जाऊन बसायला जागा कोणती? शेवटच्या प्रश्नाला बायका आधी हसत आणि मग एकमेकींकडे बघत. अक्का म्हणत, या प्रश्नाचं ज्या घरात उत्तर नाही ते घर चुकलेलं आहे. ब्लॉकमधल्या बाईला भांडून जायला जिन्याशिवाय जागा नसते, आणि जिन्यात काही बसवत नाही...

म्हणून त्यांनी जिन्यातच ओटा घातला. मेहरूण तलावाकडच्या त्या इमारतीत, जिथे पुढे त्या स्वतः राहायला गेल्या. खाली दुकानं, वर चार मजले. ती बांधणाऱ्या शेठजींनी तिला नाव मात्र ‘टॉवर’ असं दिलं. प्रत्येक मजल्यावर जिना वर आला की दोन घरांच्या दारांमध्ये चांगला ऐसपैस ओटा, चार जणींनी मांडी घालून बसावं असा. त्याच्या मागे तळापासून गच्चीपर्यंत उघडी पोकळी, आणि पश्चिमेला जाळीची भिंत. आपल्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको, पंखा नुसती तापलेली हवा ढवळतो. अक्कांचं गणित असं, की गरम हवा त्या पोकळीतून वर निघून जाईल आणि खालची गार हवा ओट्यावरून घराघरात शिरेल. ते शेठजींच्या डोक्यात शिरेना. मारवाडी माणूस, तीन पिढ्यांची पेढी, व्यवहाराला पक्का पण दिलदार. म्हणाला, “अक्का, नक्शा एकदम बढिया. पण हा ओटा नेमका कोणाच्या नावावर चढवायचा?” अक्का म्हणाल्या, “कोणाच्याच नाही. म्हणून तर तो ओटा.” शेठजींनी बराच वेळ कपाळ चोळलं आणि नकाशावर सही केली. हा किस्सा ते पुढे स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगत.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत अक्का मला ते बांधकाम दाखवायला घेऊन गेल्या होत्या. नवी साडी नेसलेली मी, आणि सगळीकडे वाळू नि सळया. त्यांनी पर्समधून उदबत्ती काढली, पेटवली आणि ओट्याच्या कडेला विटेच्या फटीत खोचली. मला वाटलं, सणाची पूजा करतायत, म्हणून मी भक्तिभावाने हात जोडले. अक्का एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. म्हणाल्या, “अगं, धूर बघ.” धूर आधी घराच्या दाराकडे वाकला, तिथे जरा घुटमळला आणि मग पोकळीत शिरून सरळ वर निघाला. “चालतंय,” त्या म्हणाल्या. एवढंच. पण त्यांचा तो चेहरा... बारशाला आत्याचा असतो तसा.

चुका झाल्या नाहीत असं नाही. पहिल्या वर्षी लोक राहायला आले आणि सगळ्यांनी ओट्यावर काय मांडलं, तर चपला! दारापाशी मोकळी जागा दिसली की आपल्या माणसाचा पाय आपोआप चप्पल सोडतो, हे अक्कांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि जिथे चपला निघतात तिथे आपल्याकडे कोणी गहू निवडायला बसत नाही. भर उन्हाळ्यात त्या गार हवेचा उपभोग चपला घेत होत्या. अक्का आठवडाभर रोज जाऊन त्या चपला बघून आल्या. मग गवंडी घेऊन गेल्या आणि ओट्याच्या पोटात चपलांसाठी कोनाडे पाडून घेतले. त्यानंतर ओटा भरला. आम्ही कधीही गेलो तरी कोणी ना कोणी शेंगा फोडत बसलेलं असायचं, आणि अक्कांच्या दारात पोचायच्या आत आमच्या पिशवीत काय आहे ते चारही मजल्यांना ठाऊक झालेलं असायचं. मला त्याचा राग यायचा. अक्कांना सांगितलं तर म्हणायच्या, “राग येऊ दे. त्याला सोबत म्हणतात.”

अक्कांनी लग्न केलं नाही. त्याबद्दल इथे काही लिहिण्यासारखं नाही, त्यांनीही कधी काही सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही म्हटलं, धुळ्याला या. त्या हसून म्हणाल्या, “मी एकटी कुठे राहते? माझ्या दारासमोर ओटा आहे.”

आणि मग लिफ्टचं निघालं. इमारत जुनी झाली तशी तिच्यातली माणसंही. विमलकाकूंचे गुडघे गेले. खालून भाजी घ्यायला त्या दोरीने टोपली सोडायच्या, पण स्वतः खाली उतरून त्यांना वर्ष होत आलं होतं. चोपड्याला नातीचं लग्न होतं, तेव्हा त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली आणलं. अक्का तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या ओट्यावर उभ्या होत्या. खुर्ची त्यांच्या पुढून गेली. अक्का मला म्हणाल्या, “जरीची साडी नेसली होती गं त्यांनी. आणि डोळे गच्च मिटून घेतले होते.” 

लिफ्ट कुठे बसवायची यावर सोसायटीत बैठका झाल्या. पुढच्या बाजूला दुकानदार शटरसमोर खांब येऊ देईनात, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. मागे आणि बाजूला नियमाने सोडायची जागाच जेमतेम. उरली ती एकच, ओट्यामागची पोकळी, आणि ती पुरत नाही म्हणून ओटाही. दुसऱ्या आर्किटेक्टला बोलवा, असं कोणीतरी अक्कांच्या मनाचा विचार करून सुचवलं. अक्का म्हणाल्या, “मी बांधलाय, मीच काढते.” आपल्या हाताने त्यांनी तो नवा नकाशा काढला. लिफ्टच्या दरवाज्याशेजारी एक अरुंद पट्टी उरत होती, तिथे त्यांनी प्रत्येक मजल्यावर एक दगडी बैठक ठेवली. एका माणसापुरती. लिफ्ट येईपर्यंत टेकायला. काम उरकल्यावर मी बघायला गेले तेव्हा सहज म्हटलं, “चला, थोडा तरी राहिला की ओटा.” तर म्हणाल्या, “एका माणसाचा ओटा नसतो.” मग त्यांनी उदबत्ती लावली. धूर कुठेच वाकला नाही, जागच्या जागी दाटत राहिला. अक्कांनी ती विझवली आणि आम्ही आत जाऊन चहा घेतला.

लिफ्ट झाली आणि लोकांना बरं वाटलं. वाटायलाच हवं होतं. विमलकाकू पहिल्याच दिवशी खाली जाऊन देवळात, मेडिकलमध्ये आणि साडीच्या दुकानात, विनाकारण सगळीकडे, फिरून आल्या. पण स्टीलचे दरवाजे मिटले की मधले मजले नसल्यासारखे. चौथ्या मजल्यावरचा माणूस थेट रस्त्यावर. तिसऱ्या मजल्यावर अक्कांच्या समोरचं घर बंद, मुलगा पुण्याला म्हणून ते लोकही तिकडे गेलेले. अक्कांच्या दारावरून जायचं कोणाला काही कारणच उरलं नाही. अक्कांनी कधी तक्रार केली नाही. फक्त अलीकडे फोन केला की लवकर ठेवत नसत. बोलणं संपलं तरी म्हणायच्या, “अजून सांग...”

ज्या सकाळी त्या पडल्या, त्या सकाळी लिफ्ट किती वेळा वर-खाली गेली असेल. जुना ओटा असता, तर कोणीतरी शेंगा घेऊन बसलं असतं आणि दुधाची पिशवी बघून कडी वाजवली असती. असता तर, नसता तर... याला काही अर्थ नाही, हे मला कळतं. ओटा राहिला असता तर विमलकाकू चौथ्या मजल्यावर कोंडून मेल्या असत्या, हेही कळतं. अक्कांनी केलं ते बरोबरच केलं. आणि तरी मला त्या लिफ्टचा राग येतो, अक्कांचाही येतो, आणि हे कोणाला सांगावं ते समजत नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही घर आवरायला गेलो. हे सोसायटीच्या लोकांशी बोलायला खाली गेले, तेव्हा मी दाराला कुलूप लावून त्या दगडी बैठकीवर टेकले. पहिल्यांदाच. पाठीला भिंत गरम लागत होती. तेवढ्यात लिफ्ट थांबली, दरवाजा उघडला आणि काठी टेकत विमलकाकू बाहेर आल्या. मला वाटलं, चुकून उतरल्या. म्हटलं, काकू, हा तिसरा आहे. “माहीत शे,” त्या म्हणाल्या, “मी रोज उतरस आते. दिवा लागनात का इथे बसस घडीभर.” मी उठायला लागले तर काठीने मला खाली बसवलं. मग माझ्याकडे न बघता, त्या कुलपाकडे बघत म्हणाल्या, “त्या दिवशी मी दोनदा खाले गयू, वहिनी. दोनदा वर ऊनू. याच दारवरथून.”

मागे लिफ्टचा दरवाजा मिटला आणि ती कोणाच्या तरी बोलावण्यावरून निघून गेली. काकू उभ्याच होत्या. आता रोज बसून काय उपयोग, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं आणि बाजूला सरकले. सरकायला जागा नव्हती, तरी सरकले.